टाकळघाटची शाळा आणि बोरीचा नाला
नागपूर जिल्ह्यातला पहिला पाद्री-मास्तर : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव या भागातली किती तरी पोरे बारावी झाली की गाडी धरून नागपूरला जातात आणि हिस्लॉप कॉलेजात नाव घालतात. घरचे लोक विचारतात, पोरगा कुठे शिकते? उत्तर मिळते, हिसलॉपले. पण हा हिस्लॉप कोण, कुठून आला, काय करून गेला, हे विचारले तर बहुतेक जण मान हलवतात. कोणी म्हणते, असेल एखादा गोरा लाटसाहेब. तो लाटसाहेब नव्हता. तो एक पाद्री होता, शाळामास्तर होता आणि गोटे गोळा करत खेडोपाडी पायी फिरणारा माणूस होता. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाळेपायी त्याचा जीव गेला. म्हणून शेतीवाडीच्या या पानावर त्याची हकिगत सांगण्याजोगी आहे.

मालगुजाराचा पाद्री नको

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा. गाव डन्स, मुलूख स्कॉटलंड. गाव शेतीवाडीचे आणि लहानच. पोरपणापासून त्यांना किडे, फुलपाखरे, दगड गोळा करायचा नाद. पुढे एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिकून ते पाद्री होण्याच्या वाटेला लागले.

त्या काळी स्कॉटलंडच्या गावागावांत एक भांडण पेटले होते. आपल्या लोकांना ते लगेच समजेल. तिथे गावाच्या चर्चमध्ये पाद्री कोण असावा हे पुष्कळ ठिकाणी जमीनदार ठरवत असे. आपल्याकडे मालगुजाराचा शब्द जसा चाले तसेच. गावकऱ्यांचे म्हणणे, आमच्या सुखदुःखात जो उभा राहायचा, आमच्या लेकरांना जो शिकवायचा, तो माणूस आम्ही निवडू. दहा वर्षे वाद चालला. अखेर 1843 मध्ये साडेचारशेच्या वर पाद्री सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहते घर गेले, चर्चची इमारतही गेली. लोकांनी उघड्या मैदानात प्रार्थना केल्या, दर घरातून थोडी थोडी वर्गणी काढली आणि दोन-चार वर्षांत नवी चर्चे व शाळा उभ्या केल्या. हीच फ्री चर्च. सरकारी पैशाची वाट न पाहता गावाने एकत्र येऊन केलेले हे काम होते.

तरुण हिस्लॉप या फ्री चर्चचे. त्यामुळे चर्च म्हणजे चार भिंती नव्हेत, आजूबाजूच्या वस्तीची जबाबदारी म्हणजे चर्च, ही समजूत घेऊनच ते 1844 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले.

कामठीची मंडळी

फेब्रुवारी 1845 मध्ये ते पत्नीसह नागपूरला पोचले. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. गादीवर तिसरे रघुजी होते आणि कामठीला इंग्रजांची मोठी छावणी होती. त्या छावणीतल्याच एका अधिकाऱ्याने आपल्या वारलेल्या पत्नीच्या स्मरणार्थ मोठी देणगी दिली होती. तिच्यावर हे मिशन सुरू झाले. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे विल्सन कॉलेज आहे, ते त्यांचे मार्गदर्शक.

कामठीची फौज मद्रासकडची. त्यामुळे तिथे तमिळ आणि तेलुगू बोलणारे शिपाई, त्यांची बायकापोरे, नोकरचाकर अशी मोठी वस्ती होती. शहरात मराठी, बाजारात हिंदुस्थानी, जंगलपट्टीत गोंडी. अशा गर्दीत एका परक्या माणसाने मंडळी जमवायची म्हणजे आधी त्यांच्या भाषा शिकायला पाहिजेत. हिस्लॉप यांनी मराठीला हात घातला आणि तिच्यात बोलू-शिकवू लागले. सुरुवातीच्या त्यांच्या मंडळीत तमिळ आणि मराठी बोलणारे शेजारी शेजारी बसत. मंडळी लहानच होती. पण एकमेकांची भाषा न कळणारी माणसे एका छताखाली बसली, हीच त्या काळात मोठी गोष्ट.

शाळा

1846 मध्ये त्यांनी नागपुरात शाळा उघडली. इंग्रजी आणि मराठी दोन्ही. राजधानीचे शहर असूनही तोवर तिथे नव्या पद्धतीची शाळा नव्हती. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री मदतीला आले. कामठी, सीताबर्डी, शहर अशा ठिकाणी हळूहळू काम पसरले.

हे काम सोपे होते असे कोणी समजू नये. लोकांना शाळा पाहिजे होती, पण तिच्यासोबत येणारा धर्म नको होता. एखाद्या विद्यार्थ्याने ख्रिस्ती व्हायचे म्हटले की शहरात गवगवा होई, आईबाप आपली पोरे काढून घेत आणि भरलेले वर्ग ओस पडत. आईबापांची भीती खोटी नव्हती. धर्म बदलला म्हणजे घर तुटले, जात तुटली, पंगत तुटली. दुसऱ्या बाजूने पाहिले तर हिस्लॉपही आपला हेतू लपवत नव्हते. ते आले होते धर्म सांगायला आणि तसे उघड बोलत. हा पेच त्यांच्या अठरा वर्षांत कधी सुटला नाही. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या थोडीच राहिली. पण ओस पडलेले वर्ग पुन्हा भरले. पुन्हा पुन्हा भरले. कारण मास्तर शिकवतो चांगले आणि लेकरांवर जीव लावतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

गोटे गोळा करणारा पाद्री

हिवाळा लागला की हिस्लॉप आणि हंटर खेड्यांच्या दौऱ्यावर निघत. आज या गावी, उद्या त्या गावी. पाराजवळ लोक जमले की बोलायचे, प्रश्न ऐकायचे, आणि मधल्या वाटेत दगड फोडून पाहायचे.

1851 मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना काळ्या दगडाच्या मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंची दगड झालेली शिंपले सापडली. पुढे हाडे, फळे, बियाही मिळाल्या. यातून मोठी गोष्ट उघड झाली. आपल्या विदर्भातला हा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा आहे आणि तो एकदम साचलेला नाही. एक थर पडला, मग थांबला. मधल्या काळात तिथे तळी झाली, झाडे उगवली, गोगलगाई राहिल्या. मग पुन्हा नवा थर आला. आजच्या शास्त्राप्रमाणे ही गोष्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची.

कास्तकाराला याचे काय, असे कोणी विचारील. याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी कपाशीची जमीन झाली. याच थरांच्या भेगांत आणि पिचलेल्या भागात आपल्या विहिरीचे पाणी असते. खालचा टणक थर लागला की पाणी संपते. नरखेड, काटोल, वरूड या संत्रापट्ट्यात एकाच्या शेजारी दुसरे असे बोअर खोल खोल गेले आणि बागा वाळल्या. जमिनीच्या पोटात तळे भरून ठेवलेले नाही, थर आहेत आणि थरातले पाणी मोजके आहे, हे समजून घेण्याची सुरुवात आपल्या भागात या दोन पाद्र्यांच्या हातोडीने झाली.

नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर मांगलीच्या रेतीच्या दगडात एका प्राचीन प्राण्याची कवटी मिळाली. विलायतेतले मोठे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिचे वर्णन छापले. त्याच वर्षी नागपूर परिसराच्या भूगर्भावर हिस्लॉप आणि हंटर यांचा लेख लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या पत्रिकेत आला. इथे मिळालेल्या एका हिरव्या खनिजाला पुढे हिस्लोपाईट नाव पडले, आणि नागपूरच्या तळ्यातल्या एका अगदी बारीक जीवालाही त्यांचेच नाव मिळाले. हंटर मात्र तब्येतीने खचले आणि 1855 मध्ये मायदेशी परतले.

गोंडांचे ऐकून घेणारा

दगडाइतकेच त्यांनी माणसांकडे लक्ष दिले. गोंड आणि इतर आदिवासींमध्ये बसून त्यांची भाषा, देव, लग्नाच्या रीती, मर्तिकाच्या रीती लिहून घेतल्या. परधान गवयाकडून लिंगोची लांबलचक गाथा ऐकून उतरवून ठेवली. राजदरबारी आणि शहरी माणसे ज्यांना रानटी म्हणत, त्यांच्याजवळ स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचे गाणे आहे, हे या कागदांतून जगाला कळले. ज्याला उपदेश करायला आलो त्याचे आधी पुरते ऐकून घ्यावे, ही रीत हिस्लॉप यांनी पाळली. आज गावात योजना घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने घ्यावी अशी ती आहे.

दरम्यान 1853 च्या अखेरीस रघुजी वारले. 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले. या मुलखाची माहिती हिस्लॉप यांच्याइतकी कोणा अंमलदाराजवळ नव्हती. त्यामुळे टेंपल त्यांना विचारत आणि दौऱ्यावर सोबत नेत.

4 सप्टेंबर 1863

आजच्या बुटीबोरीजवळ हिंगणा तालुक्यात टाकळघाट आहे. तिथल्या शिवारात दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. ती फार जुन्या काळच्या मर्तिकाच्या जागा आहेत. टेंपल यांचा मुक्काम बोरीला होता. त्या दिवशी दोघे ही वर्तुळे उकरून पाहायला गेले. काम आटोपून टेंपल परत फिरले. हिस्लॉप मागे थांबले. कशासाठी? गावच्या शाळेतल्या पोरांची परीक्षा घ्यायची होती.

पोरे तपासली, अंधार पडला, आणि ते घोड्यावर एकटेच निघाले. सकाळी सहज ओलांडलेला नाला एवढ्या वेळात पावसाने फुगला होता. मुक्कामावर घोडा आला, पण त्याच्या पाठीवर कोणी नव्हते. लोक शोधायला धावले. प्रेत नाल्यातच सापडले. वयाची 46 वर्षे पुरी व्हायला चार दिवस बाकी होते.

त्यांचे आदिवासींबद्दलचे कागद टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. टाकळघाट-खापा इथे नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस रीतसर उत्खनन केले, आणि ही वर्तुळे लोखंड वापरणाऱ्या, अडीच हजार वर्षांहून जुन्या लोकांची असल्याचे दिसून आले. हिस्लॉप यांच्या शाळेतून 1883 मध्ये कॉलेज निघाले आणि त्याला त्यांचे नाव दिले गेले. नागपूरचे हे पहिले कॉलेज. स्कॉटिश मिशनच्याच हातून पुढे नागपुरात बायाबापड्यांसाठी म्युअर मेमोरियल रुग्णालयही उभे राहिले. ख्रिस्ती मंडळी मोठी झाली नाही, पण तिने लावलेल्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या सावलीत सगळ्या जातीधर्माची माणसे बसली.

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट नाल्याची. आपल्या तालुक्याला पाण्याचा मार सांगायला नको. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात मोवाड वाहून गेले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या घरांतल्या माणसांचे डोळे अजून भरून येतात. तरीही दर पावसाळ्यात कोणी तरी बंडी नाहीतर मोटरसायकल पुलावरच्या पाण्यात घालतोच. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी संध्याकाळी घोडा वाहून नेते. अठरा वर्षे हा मुलूख पायाखाली घातलेला माणूसही त्यात फसला. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी पावसाळ्यापूर्वी रपट्याजवळ पाण्याची खूण करणारा खांब उभा करावा. पाणी खुणेवर असले की दोर बांधून वाट बंद करावी. खर्च फार नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. चीफ कमिशनरसोबत परत जाण्यापेक्षा खेड्यातल्या पोरांचे वाचन ऐकणे त्या माणसाला महत्त्वाचे वाटले. आपल्या गावातले किती पुढारी महिन्यातून एकदा शाळेत जाऊन चौथीच्या पोराला धडा वाचायला लावतात? झेंड्याच्या दिवशी हार घ्यायला जाणे वेगळे.

तिसरी गोष्ट शिवारातल्या गोट्यांची. नागपूर जिल्ह्यात ठिकठिकाणी अशी दगडी वर्तुळे आहेत. नांगरटीत आडवे येतात म्हणून ते गोटे धुऱ्यावर फेकण्याआधी तलाठ्याला दाखवावेत. तेही आपल्याच कोणा पूर्वजाचे मर्तिक आहे.

देऊळ असो, मशीद असो, विहार असो की चर्च, त्याची परीक्षा आत किती माणसे बसली यावर होत नाही. आजूबाजूच्या चार गावांना त्याचा काय उपयोग झाला, त्यावर होते. हिस्लॉप यांना जाऊन दीडशेच्या वर वर्षे झाली. टाकळघाटची ती पोरे गेली, त्यांची नातवंडेही गेली. पण नरखेडच्या कास्तकाराचा पोरगा आजही पिशवीत डबा घालून त्या नावाच्या कॉलेजात शिकायला जातो. परीक्षेचा निकाल यापेक्षा वेगळा काय असतो?