पेन्शनर हवालदाराचा अर्ज

भीमा कोरेगावला दरवर्षी १ जानेवारीला लाखो पावले वळतात. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या त्या स्तंभावर २२ महार शिपायांची नावे आहेत. पण लढून जिवंत परतलेल्या शिपायांचे पुढे काय झाले, हे विचारणारा पहिला माणूस आपण विसरत चाललो आहोत. त्याचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. दापोली ही तेव्हा महार, चांभार पेन्शनरांची मोठी वस्ती. पलटणीत हुकूम देणारा माणूस गावात परतला की पाणवठ्यापासून लांब उभा राही. फुले यांच्या विचारांनी भारलेल्या बाबांना हे सोसवेना. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी धर्ममार्तंडांना अस्पृश्यतेचा जाब विचारला. ‘दीनबंधु’त लेख लिहिले. पुढे ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ काढली, तिचा खरा आधार हे पेन्शनरच होते.

१८९० नंतर इंग्रज सरकारने लढाऊ जातींचे खूळ काढून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या जिवावर राज्य मिळवले त्यांनाच दार बंद! पगार आणि पेन्शन तर गेलीच. पलटणीच्या शाळेत मुलांना मिळणारी अक्षरेही गेली. बाबांनी सरकारकडे करावयाचा अर्ज तयार केला. त्यात आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता. मंडळीच्या नावात अनार्य आणि अर्जात क्षत्रिय, ही विसंगती आज खटकते. पण मी रोज अर्ज लिहिणारा वकील आहे. ज्या हाकिमापुढे उभे राहायचे त्याला कळेल अशा भाषेत अशिलाची बाजू मांडावी लागते. बाबांनी तेच केले.

१८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे मानवले नाही. १९०० साली बाबा गेले. भरतीची मागणी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० च्या अर्जात पुन्हा मांडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

त्याआधी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी भरतीबंदीने समाजाचे किती नुकसान झाले ते सांगितले. रावढळ तिथून जवळच.