मनाची पारख करणारे संत इग्नेशियस लोयोला

स्पेनमधील बास्क प्रदेशात लोयोला येथे १४९१ साली जन्मलेले इग्नेशियस तरुणपणी मानमरातबाच्या मागे होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या या सरदारपुत्राच्या हाती प्रभू ख्रिस्ताचे व संतांचे चरित्रग्रंथ आले.

तेव्हा त्यांना एक गोष्ट उमगली. पराक्रमाची स्वप्ने रंगविताना आनंद होई, पण ती ओसरताच मन कोरडे पडे. संतांच्या अनुकरणाचा विचार मात्र मागे समाधान ठेवून जाई. विचार किती गोड आहे यापेक्षा तो मागे काय ठेवतो, हीच त्यांची कसोटी ठरली.

मान्रेसा येथील एकांतवासात (१५२२-२३) त्यांनी हे अनुभव टिपले. त्यांतून साकारलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. खिन्नतेच्या काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये. दोन्ही बाजूंचे लाभ व हानी तोलून पाहावेत. याच पेचातील अनोळखी माणसास आपण कोणता सल्ला देऊ आणि मृत्युसमयी कोणती निवड केलेली आवडेल, हे स्वतःस विचारावे, असे त्यांत सांगितले आहे. स्वतःच्या प्रश्नाकडे त्रयस्थाच्या नजरेने पाहावे, असे आजचे मानसशास्त्रही सुचविते.

१५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे ते पहिले प्रमुख झाले. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे ते निवर्तले, तेव्हा संघाचे सुमारे १००० सदस्य होते. १६२२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. उद्विग्न मनाने राजीनामा लिहिण्यास वा नाते तोडण्यास निघालेल्याने क्षणभर थांबावे, ही त्यांची शिकवण आजही तितकीच मोलाची आहे.