दोन मुलांना डोळे देऊन गेलेले धर्मगुरू : धन्यवादित कार्लो न्योक्की



नोव्हेंबर महिना जवळ आला आहे. सिमेट्रीतील कबरींची साफसफाई सुरू झाली आहे आणि मृतात्म्यांसाठी मिस्सा मागणाऱ्यांच्या नावांनी ऑफिसातील वही भरत चालली आहे. त्याआधी, २५ ऑक्टोबरला, इटलीतील मिलान धर्मप्रांतात एका धर्मगुरूचा स्मरणदिन पाळला जातो. त्यांचे नाव धन्यवादित कार्लो न्योक्की. त्यांच्या देशात त्यांना लहानथोर ओळखतात, आपल्याकडे मात्र फारसे कोणी ओळखत नाही.

यंदा त्यांच्याविषयी लिहिण्यास एक कारण घडले. गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका घरी मयत झाले. दफनानंतर तिसऱ्या दिवशी मुलाला वडिलांच्या बायबलमध्ये ठेवलेले नेत्रदानाचे कार्ड सापडले. ते घेऊन तो आमच्याकडे आला. वडिलांची इच्छा आपल्या हातून राहून गेली, याचे त्याला फार वाईट वाटत होते. खरे सांगायचे तर ती आमच्याही हातून राहिली होती. वडील गेले त्यानंतर तासाभरात आम्ही त्या घरी पोचलो होतो. रोझरी झाली, दफनाची वेळ ठरली, पण डोळ्यांविषयी विचारण्याचे आमच्या मनातसुद्धा आले नाही. त्या रात्री आम्हांला डॉन कार्लो आठवले.

इटलीत फादरांना ‘डॉन’ म्हणतात. आपल्याकडे सिनेमामुळे या शब्दाला भलताच अर्थ चिकटला आहे, तो कृपया बाजूला ठेवावा.

कार्लो यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९०२ रोजी उत्तर इटलीतील सान कोलोंबानो अल लाम्ब्रो या गावी झाला. वडील एन्रिको संगमरवराचे कारागीर, आई क्लेमेंतिना शिवणकाम करी. दगडाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन वडील आजारी पडले आणि वारले. तेव्हा कार्लो पाच वर्षांचे होते. आई तिन्ही मुलांना घेऊन मिलान शहरात आली. तेथे मारिओ आणि आंद्रेआ हे दोघे थोरले भाऊ क्षयाने गेले. उरला हा एकटा धाकटा, तोही प्रकृतीने नाजूक. हवापालटासाठी आई त्याला मोंतेसिरो नावाच्या खेड्यात नातलगांकडे पाठवी. भरल्या घरातील माणसे एकामागून एक जाताना पाहिलेल्या या मुलाने पुढे सेमिनरीत प्रवेश घेतला. ६ जून १९२५ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पहिली मिस्सा त्यांनी मोंतेसिरोलाच अर्पण केली.

पुढची पंधरा वर्षे साहाय्यक धर्मगुरू म्हणून आणि १९३६ पासून मिलानच्या गोंझागा विद्यालयात आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून गेली. तरुण मुलांत ते रमत. मुसोलिनीच्या राजवटीतील युवक संघटनांतही त्यांनी धर्मगुरू म्हणून काम केले. त्या राजवटीचे खरे रूप त्या काळच्या पुष्कळ धर्मगुरूंप्रमाणे त्यांनाही आरंभी पुरते उमगले नसावे, असे आम्हांला वाटते. १९४० साली इटली युद्धात उतरली. ज्या मुलांना आपण शिकवले ती आघाडीवर जाणार आणि आपण घरी बसणार, हे त्यांना पटेना. ते स्वखुशीने सैन्यात धर्मगुरू म्हणून भरती झाले. ‘अल्पिनी’ म्हणजे डोंगरी पलटणीचे सैनिक. त्यांच्याबरोबर ते आधी ग्रीस-अल्बानियाच्या सरहद्दीवर गेले आणि १९४२ साली त्रिदेंतिना डिव्हिजनबरोबर रशियात.

रशियातील ती माघार इटलीत आजही विसरलेली नाही. जानेवारी १९४३ मध्ये डॉन नदीवरील आघाडी कोसळली आणि हजारो सैनिक बर्फातून पायी परत निघाले. थंडी शून्याखाली तीस-चाळीस अंश. अन्न नाही, बूट फाटलेले, बसला तो उठतच नसे. वाटेच्या कडेला पडलेल्यांपाशी डॉन कार्लो थांबत, पापांची क्षमा देत, डोळे मिटत. मरणाऱ्यांच्या तोंडी बहुधा घरचाच विषय असे. बायको, म्हातारी आई आणि मागे राहिलेली मुले यांच्यासाठी ते निरोप देत, कोणी पत्ता सांगे, कोणी एखादी वस्तू हातात ठेवी. हे सारे डॉन कार्लो आपल्याजवळ सांभाळत. पुढे एके ठिकाणी तेही थकून बर्फात कोसळले. मागून आलेल्या एका घसरगाडीवर त्यांना उचलून घेतले, म्हणून ते वाचले.

इटलीत परतल्यावर त्यांनी काय केले, ते आम्हांला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे काम वाटते. ते आल्प्स पर्वताच्या खोऱ्याखोऱ्यांतून फिरले आणि मेलेल्यांची घरे शोधून त्यांनी निरोप पोचवले. एकेका दारात उभे राहायचे, आईला मुलाची शेवटची घडी सांगायची आणि पुढच्या दाराकडे वळायचे. मयताच्या घरी बातमी घेऊन जाणे किती जड असते, ते आम्हांला थोडेफार ठाऊक आहे. डॉन कार्लोंनी ते दारोदार केले. याच काळात त्यांनी यहुदी आणि इतर छळ झालेल्या लोकांना स्वित्झर्लंडमध्ये पळून जाण्यास मदत केली. त्याबद्दल जर्मन पोलिसांनी त्यांना पकडून मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगातही टाकले होते.

युद्ध संपले, पण शेतांत पुरलेले सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब तसेच राहिले. खेळता खेळता मुले त्यांना हात लावीत. कोणाचे हात तुटले, कोणाचे पाय, कोणाचे डोळे गेले. १९४५ साली आरोसिओ येथील अपंगांच्या संस्थेची जबाबदारी डॉन कार्लोंकडे आली. तेथे ही मुले आणि सैनिकांची पोरकी मुले येऊ लागली. एका घराची पुढे अनेक घरे झाली. पैसा कोठून येणार? १९४९ साली दोन वैमानिकांनी एका लहानशा विमानातून मिलानहून थेट दक्षिण अमेरिकेतील ब्युनोस आयरेसपर्यंत उड्डाण केले, ते या मुलांसाठी निधी गोळा करायला. त्याच सुमारास पंतप्रधान दे गास्पेरी यांनी त्यांना अपंग मुलांच्या प्रश्नावर सरकारचे सल्लागार नेमले. युद्धातील मुले मोठी झाल्यावर पोलिओची मुले आली. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, व्यायाम, शाळा, हातकाम अशी सगळी सोय त्यांच्या संस्थांत होती. मुलाला नुसते जेवण आणि अंथरूण देऊन भागत नाही, त्याला त्याच्या पायावर उभे करायला हवे, मग तो पाय लाकडाचा का असेना, असा त्यांचा आग्रह होता.

या मुलांपैकी एकाची हकिकत त्यांनी लिहून ठेवली आहे. बॉम्बने जखमी झालेल्या त्या मुलाला त्यांनी विचारले की, जखमेवरची पट्टी काढताना तू कळवळतोस तेव्हा तुझ्या मनात कोण असते. मुलाने नवलाने उत्तर दिले की कोणीही नाही. या उत्तराने डॉन कार्लो हादरले. निष्पाप लेकराचे एवढे दुःख आणि ते कोणाच्याच नावे नाही, कोणाला अर्पण केलेले नाही! सेमिनरीत आम्ही दुःखाच्या प्रश्नावर जाड जाड पुस्तके वाचली, पण हा प्रश्न इतक्या जवळून विचारलेला आम्हांला त्यांत आढळला नाही. डॉन कार्लोंचे शेवटचे पुस्तक याच विषयावर आहे.

सप्टेंबर १९५५ मध्ये मिलान येथे त्यांच्या मोठ्या केंद्राची पायाभरणी राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी यांच्या उपस्थितीत झाली. ते बांधून झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. कर्करोगाने त्यांना घेरले होते. अंथरुणावर असताना त्यांनी डोळ्यांचे प्रसिद्ध डॉक्टर चेझारे गालेआत्झी यांना गळ घातली की, आपण गेल्यावर आपले डोळे आपल्या अंध मुलांपैकी कोणाला तरी द्यावेत. ही शस्त्रक्रिया अगदी नवी नव्हती. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बदलण्यात पहिले यश १९०५ सालीच मिळाले होते. अडचण कायद्याची होती. मृतदेहातून असा भाग काढून दुसऱ्याला लावण्याची परवानगी देणारा कायदा इटलीत तेव्हा नव्हता. डॉक्टरांवर खटला होऊ शकला असता. लोकांच्या मनातही मोठी धास्ती होती. मेलेल्याच्या देहाला हात लावणे पाप नाही ना, शेवटच्या दिवशी तो उठेल तेव्हा त्याला डोळे असतील ना, अशी ती धास्ती. डॉन कार्लोंनी तरीही डॉक्टरांकडून वचन घेतले.

२८ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, डॉन कार्लो प्रभूकडे गेले. डॉ. गालेआत्झींनी वचन पाळले. एक कॉर्निया डॉन कार्लोंच्याच संस्थेतील बारा वर्षांच्या मुलाला लावण्यात आला. चुन्याने त्याची दृष्टी गेली होती. दुसरा मिळाला सतरा वर्षांच्या एका मुलीला. ती लहानपणापासून जवळजवळ अंध होती. दोन्ही शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या.

१ मार्चला मिलानच्या कॅथेड्रलमध्ये महागुरुस्वामी मोंतिनी यांनी त्यांचा अंत्यविधी केला. हेच मोंतिनी पुढे पोप सहावे पॉल झाले. सुमारे एक लाख माणसे लोटली होती. शवपेटी अल्पिनी सैनिकांनी खांद्यावर घेतली होती आणि ज्यांना चालता येत नव्हते अशा मुलांना इतर सैनिकांनी खांद्यावर बसवले होते.

लोकांची धास्ती त्या दोन शस्त्रक्रियांनी पुष्कळ कमी केली. १४ मे १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी रोममध्ये नेत्रतज्ज्ञ आणि कॉर्निया-दात्यांपुढे भाषण केले. दुसऱ्याला बरे करण्यासाठी मृतदेहातून असा भाग घेण्यात मृताचा अपमान नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. त्याचबरोबर घरच्यांच्या भावना आणि संमती यांचा मान राखा, कोणावर जबरदस्ती करू नका, असेही बजावले. पुढच्या वर्षी, एप्रिल १९५७ मध्ये, इटलीत कायदा झाला. योगायोग असा की आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्यातही कॉर्नियारोपणाचा कायदा १९५७ सालचाच. अवयवरोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ साली आला आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही मृत्यूनंतरचे अवयवदान हे थोर व पुण्याचे कृत्य म्हणून नमूद आहे.

शेवटच्या दिवशीच्या पुनरुत्थानाविषयी आपल्यातील काही आजी-आजोबा आम्हांला अजून विचारतात. सिंहांनी खाल्लेल्या आणि अग्नीत जाळलेल्या रक्तसाक्ष्यांना देव उठवणार, यावर आपला विश्वास आहे ना? मग ज्याने डोळे दिले त्याला देव डोळ्यांवाचून कसा ठेवील? आमच्या मते खरी अडचण श्रद्धेची नसून त्या घडीची आहे. घरात रडारड चालू असते, पाहुणे येत असतात, आणि अशा वेळी ही गोष्ट कोणी काढायची? जो काढील तो कठोर ठरतो. म्हणून ती गोष्ट आधीच, सगळे जेवायला बसलेले असताना, घरात बोलून ठेवावी. कार्ड भरले असले तरी मृत्यूनंतर संमती घरच्यांनाच द्यावी लागते, आणि कार्डाविषयी त्यांना माहीत नसेल तर ते बायबलमध्येच राहते.

माहिती थोडक्यात देतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन करावा. तिचे लोक घरी येतात आणि अर्ध्या तासाच्या आत काम उरकते. चेहरा विद्रूप होत नाही, दफनाला उशीर होत नाही. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असलेले, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, मधुमेह असलेले यांनाही नेत्रदान करता येते. मूत्रपिंड, यकृत यांची गोष्ट वेगळी. मेंदू मृत झाल्याचे डॉक्टरांनी ठरवल्यावर ते हॉस्पिटलातच घेतले जातात आणि तेथे घरच्यांची परीक्षा अधिक अवघड असते, कारण छाती अजून हलत असते. त्याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू. नेत्रपेढीचा नंबर या रविवारपासून सॅक्रिस्टीच्या दाराशी लावला आहे. यापुढे कोणाच्या घरी मयत झाले आणि आम्ही आलो, तर हा प्रश्न आम्हीच हळूच विचारू. कोणी नाही म्हटले तरी आमची प्रार्थना तीच राहील, याची खात्री बाळगावी.

डॉन कार्लो यांना २५ ऑक्टोबर २००९ रोजी, त्यांच्याच वाढदिवशी, मिलानच्या कॅथेड्रलसमोरील चौकात धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या मुलाला त्यांचा एक कॉर्निया मिळाला तो शिकला, मोठा झाला, आणि इन्व्हेरिगो येथील डॉन कार्लोंच्या संस्थेच्या केंद्रात संचालक म्हणून अपंगांची सेवा करू लागला.

तुमचे,
धर्मगुरू