शाळेचे दार उघडणारे जोतिराव

महात्मा जोतिराव फुले यांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत आपले गुरू मानले. त्यांची जयंती आपण दरवर्षी करतो. पण शाळा माणूस घडवते, तशीच ती समाजाची उतरंडही टिकवते, हे जोतिरावांनी ओळखले होते. त्याविषयी फारसे बोलले जात नाही. म्हणून हे चार शब्द.

जोतिरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात माळी कुटुंबात झाला. आई चिमणाबाई लवकर वारल्या. थोडे मराठी शिक्षण झाल्यावर वडील गोविंदरावांनी लोकांचे ऐकून पोराला शाळेतून काढले नि मळ्यात कामाला लावले. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, अशी तेव्हाची रीत! शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोतिराव मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले. हे दोघे मध्ये पडले नसते तर?

आपल्याला मिळाले ते सर्वांना मिळावे म्हणून १८४८ मध्ये त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवू लागल्या. त्यापायी दोघांना घर सोडावे लागले, पण काम सोडले नाही. महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८५५ साली मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या विद्यार्थिनीचा आपल्या लोकांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याच वर्षी जोतिरावांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. गिरणीची पाळी सांभाळून रात्रशाळेत बसलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून भरून येते.

१८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला. जोतिरावांनी त्याला निवेदन दिले. सरकारचा पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा. मग शिकलेल्याचाच पोरगा अंमलदार होतो आणि राबणाऱ्याचा पोरगा राबतच राहतो. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मास्तर कष्टकरी समाजातूनही घ्या, शेतीचे नि आरोग्याचे ज्ञान शिकवा, असे त्यांनी मागितले.

शिकलेल्याने काय करावे, हे त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी दाखवले. ते आपल्या ठाण्यात जन्मले, ठाण्यातच शिकले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. बाबासाहेबांनी शूद्रांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ १९४६ मध्ये त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे निवेदनानंतर तब्बल १२८ वर्षांनी!

तरी काम संपलेले नाही. आपल्या ठाण्या-कल्याण-डोंबिवलीत एकीकडे भरमसाट फीच्या शाळा आहेत, दुसरीकडे महापालिकेच्या. ज्याची जशी ऐपत, तशी त्याच्या पोराची शाळा. नवी उतरंड ती हीच. माता-भगिनींनो, बांधवांनो, पोराला शाळेत घातले म्हणजे झाले, असे समजू नका. शाळेच्या सभेला जा. तिथे कोण शिकतो, कोण शिकवतो आणि काय शिकवले जाते, हे विचारा. जोतिरावांनी हेच विचारले होते.

जय जोती! जय भीम!