थरथरती सही

हर्नियाचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला दोनच कामे नेमून दिली. जड काही उचलायचे नाही आणि रोज चालायचे. पहिल्या कामाची जबाबदारी आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर स्वतःकडे घेतली. अर्धी भरलेली बादलीसुद्धा त्यांनी माझ्या हाताला लागू दिली नाही. दुसरे काम मात्र मलाच करणे भाग होते. आठवडाभर घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या आणि मग गुलमंडीहून निघून सिटी चौक, सराफामार्गे शहागंजपर्यंत जायचे आणि परत यायचे, असा नेम धरला.

शहागंज मी जन्मभर पाहिले ते गर्दीचे. फळांच्या हातगाड्या, रिक्षांची कोंडी, कपड्यांचे ढीग आणि कानठळ्या बसवणारा कोलाहल. सकाळी लवकर गेले की हेच शहागंज ओळखू येत नाही. गाड्यांवर ताडपत्री झाकलेली असते, घड्याळाचा मनोरा एकटाच उभा असतो आणि चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह तेवढा जागा असतो. तिथेच गांधीजींचा पुतळा आहे. बँकेच्या नोकरीत असताना स्कूटरवरून मी त्याच्या शेजारून हजारदा गेलो असेन, पण मान वर करून पाहिल्याचे आठवत नाही. आता टाके ओढले जाऊ लागले की मला थांबावेच लागे आणि थांबायची जागा नेमकी त्या पुतळ्यापाशी येई. दोन ऑक्टोबरला घातलेले हार सुकून गळ्यात तसेच होते. पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून मी उभा असताना एके दिवशी लक्षात आले की, या माणसाच्या पोटावरही उजव्या बाजूलाच अशी एक खूण होती. तीही पुण्यात पडलेली, म्हणजे आपल्याच मुलखात.

घरी येऊन जुनी पुस्तके काढली. गांधीजींचे चरित्र आपण सत्याग्रह, तुरुंग आणि उपोषणे यांच्या क्रमाने वाचतो. एक रुग्ण म्हणून मी ते प्रथमच वाचत होतो.

१० मार्च १९२२ रोजी गांधीजींना साबरमती आश्रमातून अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादला राजद्रोहाचा खटला चालून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. तिथे सूत कातणे आणि वाचन हा त्यांचा दिनक्रम होता. पावणेदोन वर्षे अशी गेली. जानेवारी १९२४ मध्ये पोटात दुखू लागले, ताप आला. दुखणे अपेंडिक्सचे ठरले आणि १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. तेव्हाचे सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासून ऑपरेशनला पर्याय नसल्याचे सांगितले.

आज अपेंडिक्सचे ऑपरेशन म्हटले की नातेवाईक डबा आणायला कोणी जायचे यावर चर्चा करतात. त्या काळी तसे नव्हते. या दुखण्याची नीट ओळख वैद्यकाला १८८६ च्या सुमारास पटली होती. १९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांना ऐन राज्याभिषेकाच्या तोंडावर हेच दुखणे झाले. सोहळा पुढे ढकलून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि साऱ्या साम्राज्याचा जीव टांगणीला लागला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. म्हणजे १९२४ मध्ये जखमेत पू झाला, तर तो बाहेर काढणे, स्वच्छता राखणे आणि वाट पाहणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते.

त्यात रुग्ण कोण, तर साम्राज्याचा सर्वांत मोठा कैदी. इंग्रज सर्जनच्या सुरीखाली तो दगावला असता तर देशात काय उसळले असते, याची कल्पना सरकारला होती. डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावे अशी गांधीजींची इच्छा होती आणि तशी मुभाही होती, पण ते पोचेपर्यंत थांबणे शक्य नव्हते. पुण्यातील स्नेही म्हणून नामदार श्रीनिवास शास्त्री आणि डॉ. फाटक यांना बोलावणे गेले. तात्यासाहेब केळकर पुण्यात नव्हते. शास्त्री नेमस्त पक्षाचे, असहकाराच्या चळवळीचे उघड विरोधक. तरी अशा रात्री गांधीजींना ते आपले वाटले.

शास्त्रींनी संमतीचे निवेदन लिहून काढले. आपल्यावर उत्तम उपचार होत आहेत, कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी ते वाचले, अंथरुणावर गुडघे उंच करून कागद त्यावर ठेवला आणि पेन्सिलीने सही केली. सही करताना हात थरथरत होता. तो हात दाखवून त्यांनी मॅडॉकना गमतीने बजावले की, हे आता तुम्हीच दुरुस्त करायचे आहे. मॅडॉकनीही त्यांच्यात मणामणाने ताकद भरण्याचे आश्वासन दिले.

बँकेत मी तीस वर्षांहून अधिक काळ सह्या पाहिल्या. पेन्सिलीची सही आम्ही कधीच स्वीकारली नसती आणि थरथरती सही आली की नमुन्याचे कार्ड काढून दोनदा ताडून पाहिले असते. पण माझ्यापुढे ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आला, तेव्हा माझीच सही मला ओळखू येईना. घसा कोरडा, आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाणीही बंद. खोकला आधी बरा करून घेतला होता, पोट साफ राहील असे पाहिले होते, रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या. अंगाची सगळी तयारी झाली होती. मनाची तयारी मात्र कुठल्या तपासणीत दिसत नाही. सही करताना माझ्या डोळ्यांसमोर माझे वडील होते.

अण्णांनाही हर्निया होता. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावी ते कमरेला पट्टा बांधून शेतात जात. फुगवटा बाहेर आला की आडवे होऊन आत सारत आणि पुन्हा कामाला लागत. तालुक्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितले होते. मी तेव्हा बँकेत नवा अधिकारी झालेला. सत्तरीत कशाला सुरी लावायची, पट्ट्याने भागते आहे की, असे मीच ठरवून टाकले. अण्णांना काय वाटते ते विचारायचे मला सुचले नाही आणि मुलगा शिकलेला म्हणून तेही बोलले नाहीत. पावसाळ्यातल्या एका रात्री फुगवटा आत जाईना. तो दगडासारखा टणक झाला, उलट्या सुरू झाल्या. शहरात आणेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा थांबून ते काळे पडले होते. डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. हर्नियाचा फुगवटा आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील, तर सकाळची वाट पाहायची नसते, हे मला त्यानंतर कळले. स्वतःचा हर्निया मी वर्षभर लपवला, त्याचे कारण भीती हे तर होतेच, पण अण्णांची आठवण नको हेही होते.

म्हणून ससूनमधल्या त्या रात्रीचे वर्णन मी पुनःपुन्हा वाचले. क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन सुरू झाले आणि मध्येच वीज गेली. एका परिचारिकेने विजेरी धरली, तर तीही विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात मॅडॉकनी काम पुरे केले. शास्त्रींच्या हातून लिहिलेला तो कागद त्या अंधारात किती मोलाचा होता, याचा विचार करून पाहावा. ज्या सत्तेविरुद्ध लढा पुकारला होता, तिच्याच अधिकाऱ्याच्या हाती गांधीजींनी आपला देह सोपवला होता आणि त्या अधिकाऱ्याने तो विश्वास सांभाळला.

याच गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कडक टीका केली होती. माणूस अति खातो, गोळी घेऊन बरा होतो आणि पुन्हा अति खातो, असा त्यांचा मुद्दा होता. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर एक छोटी शस्त्रक्रिया केली होती. तेव्हा अंगात रक्त नव्हते, डॉक्टर दूध घ्या म्हणत होते आणि गांधीजींचे तर दूध न पिण्याचे व्रत. गाईम्हशींच्या दुधाचेच व्रत ना, मग शेळीचे चालेल, अशी वाट खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी काढून दिली. गांधीजींनी ते दूध घेतले, पण आपण व्रताचे शब्द पाळले आणि त्याचा आत्मा मोडला, ही रुखरुख आत्मचरित्रात नोंदवून ठेवली. अपेंडिक्सच्या वेळीही तसेच. तुमची तत्त्वे कुठे गेली, असे विचारणारे होतेच. त्यांना गांधीजींनी आपल्या पत्रातून सरळ उत्तर दिले की, तो माझा दुबळेपणा होता, मला या देहात जगण्याची इच्छा होती. इतका मोठा माणूस जगण्याची इच्छा झाली म्हणून कबुली देतो, हे वाचून मला माझ्या भीतीची लाज वाटेनाशी झाली.

पण मला जास्त विचारात पाडले ते कस्तुरबांच्या दुखण्यांनी. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्यावर डर्बनला शस्त्रक्रिया झाली, तीही क्लोरोफॉर्मशिवाय, कारण प्रकृती तेवढी क्षीण होती. त्यांनी ती सोसली. पुढे डॉक्टरांनी मांसाचे सार देण्याचा आग्रह धरला, तेव्हा गांधीजींनी स्वतःचा नकार कळवून विषय संपवला नाही. त्यांनी खाटेवरच्या बांना विचारले. बांनी ठाम नकार दिला आणि मग ते त्यांना तशा अवस्थेत फीनिक्सला घेऊन गेले. १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बा अखेरच्या आजारात असताना देवदास गांधींनी खटपट करून पेनिसिलिन मागवले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी मुलाला त्यापासून परावृत्त केले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. औषधाने काही झाले असते का, हे सांगणे कठीण. त्या तेव्हा फार पुढे गेल्या होत्या. पण स्वतःच्या देहासाठी थरथरत्या हाताने होकार देणे आणि जवळच्या माणसाच्या वतीने नकार देणे, यांतले दुसरे काम किती जड असते, ते मला ठाऊक आहे. गांधीजींवर निकाल द्यायला मी कोण? मी तर अण्णांना विचारलेही नव्हते.

ऑपरेशन एका रात्रीचे, बरे होणे मात्र महिन्यांचे. गांधीजींच्या जखमेत पू झाला आणि सुधारणा रेंगाळली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडले. आजारपणापायी सुटका व्हावी याचे त्यांना समाधान नव्हते. सुटल्याची बातमी मॅडॉकनीच दिली, तेव्हा आणखी काही दिवस तुमचा रुग्ण आणि पाहुणा म्हणून राहू द्या, अशी विनंती त्यांनी केली. मार्चमध्ये ते जुहूला समुद्रकाठी विश्रांतीला गेले. तिथे भेटायला येणाऱ्यांची एवढी रीघ लागली की, विश्रांती मिळू द्यावी म्हणून त्यांना जाहीर विनवणी करावी लागली. आमच्याकडेही पेढे घेऊन आलेले आप्त तासभर आपापल्या ऑपरेशनांच्या हकिगती सांगत बसत. हसू आवरताना पोटावर उशी दाबून धरावी लागे. खोकतानाही तसेच करायचे, कुशीवर वळून मग उठायचे, जिना सावकाश चढायचे, हे सगळे मी शहाण्या मुलासारखे शिकलो. आत जाळी बसवली आहे, तिच्याभोवती मांस धरायला वेळ लागतो, असे डॉक्टरांनी समजावले होते. घाई करून चालत नाही.

गांधीजींनीही घाई केली नाही, पण ते थांबूनही राहिले नाहीत. एप्रिलमध्ये पत्रांचे संपादन पुन्हा हाती घेतले. सप्टेंबरमध्ये हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी दिल्लीत महंमद अलींच्या घरी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. डिसेंबरमध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. आणि १९३० साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हाच माणूस साबरमतीहून दांडीपर्यंत चोवीस दिवस चालत गेला.

मी अजून शहागंजपर्यंतच चालतो. आता पोटावर हात धरावा लागत नाही, तरी पुतळ्यापाशी थांबायची सवय झाली आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. फॉर्मवर सही केली, ती थोडी वेडीवाकडी आली. काउंटरवरच्या मुलीने कार्डाशी ताडून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. घरी आल्यावर मी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतले. पुढे कधी माझ्यावर किंवा त्यांच्या आईवर अशी वेळ आली, तर आमच्या वतीने काहीही ठरवण्याआधी आम्हाला विचारा, एवढेच त्यांना सांगितले. अण्णांच्या बाबतीत राहून गेलेले काम निदान असे तरी पुढे सरकवता आले.