गॅस्टन प्लांटे : वीज साठवणारा शास्त्रज्ञ



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात शेतवस्तीवर रात्री सोलरचा दिवा लागतो, तेव्हा मुलं हमखास विचारतात, सूर्य तर मावळला, मग वीज आली कुठून? ती येते बॅटरीतून. शिशाची ही बॅटरी बनवली गॅस्टन प्लांटे यांनी.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्समधील ऑर्थेझ या गावी झाला. पुढे पॅरिसमध्ये ते एडमंड बेकरेल यांचे सहायक झाले. योगायोग बघा, प्रकाशापासून वीज मिळते हे १८३९ मध्ये दाखवणारे हेच ते बेकरेल! म्हणजे सोलर पॅनलचं मूळ गुरूंकडे, अन् बॅटरीचं शिष्याकडे.

१८५९ मध्ये प्लांटेंनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, मध्ये कापड घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवली. तेव्हाच्या नेहमीच्या बॅटऱ्या संपल्या की संपल्या. ही मात्र पुन्हा चार्ज व्हायची. पण कशाने करणार? चांगले डायनॅमो अजून आलेच नव्हते. साध्या बॅटऱ्या जोडूनच ती चार्ज करावी लागे. शिवाय पत्रे नीट तयार व्हायला कित्येक महिने चार्ज-डिस्चार्ज करत बसायचं. हे काम सोपं केलं फोर यांनी, १८८१ मध्ये, पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन. प्लांटे १८८९ मध्ये वारले.

आमच्या शाळेची बॅटरी एकदा उन्हाळी सुट्टीभर उतरलेलीच राहिली. पत्र्यांवर पांढरा थर धरला अन् ती कायमची गेली. आता सुट्टीआधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी मी स्वतः बघते, पूर्ण चार्ज करून ठेवते. मुलांना लांबूनच दाखवते, आत आम्ल आहे.