सॉमरसेट हाऊस आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईत वॉर्डन रोडवर आज सोफिया कॉलेज आहे. तिथला 'सॉमरसेट हाऊस' हा बंगला एके काळी बद्रुद्दीन तय्यबजींचा होता. घराणं मूळचं खंभातचं, सुलेमानी बोहरा. व्यापारासाठी मुंबईत आलं. वडील तय्यबअली यांनी मुलांना शिकायला थेट विलायतेला धाडलं. १८४४ साली जन्मलेले बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांचा आधी नाकारलेला जामीन त्यांनीच मंजूर केला. हे वर्गात सांगितलं की आमची नागभीडची पोरं कान टवकारतात.

पण आम्हाला जास्त भावते ती घरातली वही. या घराण्याने गुजराती सोडून उर्दू ही घरची बोली केली होती. तय्यबजींच्या घरांतून 'अखबार' नावाच्या वह्या असत. कोण आलं, कोण आजारी, सहल कुठे गेली, सगळं त्यांत. आणि लिहिणाऱ्यांत पुरुषांसोबत बायका नि मुलीही! तो काळ पडद्याचा. पोरीला इतकं शिकवून काय करायचं, असं विचारणारे पालक तर आम्हाला आजही भेटतात.

१९०६ मध्ये बद्रुद्दीन लंडनला वारले. बंगला नंतर दुसऱ्यांच्या ताब्यात गेला. काही वह्या मात्र अजून जपलेल्या आहेत.